टेकायच्या जागा

माझ्या दारापासून कोपऱ्यापर्यंत ६७ पावलं आहेत. या घरात राहून बारा वर्षं झाली तरी हे मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. धडधाकट माणूस पावलं मोजत नाही. तो घरातून निघतो आणि कोपऱ्यावर पोचतो. निघणं आणि पोचणं यांच्या मध्ये काही असतं, हे त्याच्या गावीही नसतं. माझ्या ध्यानात ते आलं एका फरशीमुळे.

फूटपाथवरची साधी चौकोनी फरशी. शेजारच्या झाडाच्या मुळाने तिची एक कड दोन बोटं वर उचलली होती. मला ती चांगली परिचयाची होती. पाहुणे आले की मीच त्यांना "इथे जरा जपून" म्हणायची. त्या संध्याकाळी समोरच्या गॅलरीतून कुणीतरी हाक मारली, मी मान वर करून उत्तर दिलं, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत मी जमिनीवर होते. उजवा घोटा. सहा आठवडे प्लास्टर, मग वॉकर, मग काठी.

यातला विनोद मला नंतर, प्लास्टरमध्ये खाज सुटलेली असताना सुचला. येणाऱ्या-जाणाऱ्याला गॅलरीतून हाक मारली जाते, म्हणून तर मी ही वस्ती सोडून कुठे जात नाही. त्या हाकेनेच मला पाडलं.

वस्ती जुनी आहे. नेमकी किती जुनी यावर इथे एकमत नाही; मोटारींच्या आधीची आहे, यावर आहे. ते रस्त्याच्या रुंदीवरून दिसतंच. शहर लहान, आणि शहराचा मध्य, म्हणजे मुख्य चौक, बाजार, पोस्ट, बँका, कचेऱ्या, हे सगळं दोन गल्ल्या पलीकडे. घरं रस्त्याला चिकटलेली. दार उघडलं की दोन-तीन पायऱ्या, पायऱ्या संपल्या की रस्ता. अंगण नाही, कंपाउंड नाही, गाडी लावायला जागा तर नाहीच नाही. भिंतींना ओल आहे, जिने अंधारे आहेत आणि शेजाऱ्याने खोकलं की आपल्याला जाग येते.

जवळ-जवळ बांधायची कुणाला हौस नव्हती. इटालियन पदार्थवैज्ञानिक सेझारे मार्केत्ती यांनी १९९४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती: माणूस कुठल्याही काळातला असो, रोजच्या ये-जा करण्यात तो साधारण तासभर घालवतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. पायी चालणारा माणूस तासाला पाचेक किलोमीटर जातो. जाऊन परत यायचं, म्हणजे एका बाजूला अडीच. पायी काळातली शहरं एवढ्याच वर्तुळात कोंबून बसवावी लागत. आमच्या गल्लीची अरुंदी ही सौंदर्यदृष्टी नसून हिशोब आहे, हे कळल्यापासून मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवते.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतले काने-मात्रे बघते. घरी बसून काम, त्यामुळे बाहेर पडायला निमित्त लागत नाही असं नाही, पण फार क्षुल्लक निमित्त पुरतं. एक बटण तुटलं की मी बाहेर पडते. शहराबाहेरच्या मोठ्या संकुलात राहणारी माझी मैत्रीण एका बटणासाठी बाहेर पडत नाही. ती यादी करते. बटण, औषधं, बल्ब, झेरॉक्स, बँक, असं साठवत नेऊन शनिवारी गाडी काढते. तिची कामं माझ्यापेक्षा शिस्तीत होतात, यात शंका नाही. माझी बेशिस्त होतात. बटण आणायला जाते आणि पाऊण तासाने बटण न आणता परत येते, कारण वाटेत दोघं भेटले. पण आठवड्यातून चौदा वेळा भेटलेल्या माणसांशी जे बोलणं होतं, ते शनिवारी एकदाच भेटलेल्यांशी होत नाही. महत्त्वाचं काहीच नसतं त्यात. तेच तर.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा खाली उतरले ती सकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. डॉक्टरांनी "थोडं थोडं चाला" म्हटलं होतं. थोडं म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. वॉकर पुढे टाकायचा, दुखरा पाय, मग चांगला पाय. वॉकर, दुखरा, चांगला. चाळीस झाले तेव्हा मनात म्हटलं, अरे वा. साठ झाले तेव्हा तळहात चुरचुरायला लागले. वॉकरची पावलं वीतभरच; नव्वदाच्या आसपास मी थांबले आणि मागे वळून पाहिलं. दार अजून दिसत होतं. पुढे पाहिलं, कोपराही दिसत होता. दोन्ही सारखेच लांब. मी आपल्याच गल्लीच्या बरोबर मध्यावर, आपल्याच घरासमोर, अडकले होते. वॉकरवर ओणवं राहून विसावा घेता येतो असं वाटतं, पण तसं नसतं. तेव्हा सगळा भार हातांवर येतो.

"बस की," कुणीतरी म्हणालं.

पलीकडच्या घरातल्या आजी. काठी घेऊन रोज बाजारापर्यंत जातात, हे मी बारा वर्षं बघत आले होते. वय विचारायची सोय नाही, विचारलं तर "तुला काय करायचंय?" म्हणतात.

"कुठे बसू, आजी?"

"त्या निळ्या दाराची पायरी. दुसरी. पहिलीवर बसशील तर उठवायला चार माणसं लागतील."

मी दुसऱ्या पायरीवर बसले. आजी उभ्याच राहिल्या. आणि मग त्यांनी माझ्याकडून उठायचा सराव करून घेतला. आधी पुढे सरकायचं, पायरीच्या अगदी कडेला. चांगला पाय आत, पायरीखाली. एक हात पायरीवर, एक वॉकरवर. दोन्ही हात वॉकरवर ठेवले तर तो आपल्यावरच येतो. मग नाक पुढे न्यायचं. "नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे," आजी म्हणाल्या, "मग बूड आपोआप उठतं." नाक पुढे नेलं. उठले. फिजिओथेरपिस्टने हेच पुढच्या आठवड्यात कितीतरी अवघड शब्दांत सांगितलं.

पहिली पायरी का नाही, हे त्या दिवशी घोट्याने समजावलं. पहिली वीतभर उंच, तिच्यावर बसलं की गुडघे हनुवटीपाशी. दुसरी खुर्चीइतकी. बांधणाऱ्याने काही बसणाऱ्यांचा विचार करून ती बांधली नव्हती. पुराचं पाणी आत शिरू नये, म्हणून जोतं उंच केलं असणार. पण आजींसारखी माणसं आयुष्यभर अशा नकळत झालेल्या सोयींवर टेकत आली आहेत.

पुढच्या तीन आठवड्यांत मला कळलं की आजींकडे सगळ्या वाटेचा नकाशा आहे. घर ते मुख्य चौक यांत त्यांच्या पाच जागा. एक, निळ्या दाराची दुसरी पायरी. दोन, कोपऱ्यावरच्या झाडाचा पार, पण उत्तरेकडची बाजू, कारण दक्षिणेकडून मुंग्या. तीन, बंद पडलेल्या वाचनालयाचा कठडा; तो बसायला अरुंद आहे, पण पाठ टेकता येते. चौथी जागा म्हणजे खरं तर जागा नाहीच, एका बँकेच्या उताराची लोखंडी दांडी आहे. तिला नुसतं रेलायचं. पाचवं, चौकातलं सरकारी बाक, जे वाटेतलं एकमेव खरंखुरं बसायचं ठिकाण, आणि ज्यावर ऊन इतकं येतं की दुपारी कुणी बसत नाही.

आजी चालत बाजारात जात नव्हत्या. त्या टेकत टेकत जात होत्या. चालणं हे दोन टेकण्यांमधलं काम होतं.

मी मग वाचायला लागले. घरात बसलेल्या मुद्रितशोधकाला दुसरं सुचणार काय? ब्रिटनच्या वाहतूक खात्याची अपंग आणि वृद्ध पादचाऱ्यांसाठीची एक मार्गदर्शिका आहे. वर्दळीच्या पायवाटांवर दर ५० मीटरला बसायची सोय असावी, असं ती सांगते. मी दारापासून कोपऱ्यापर्यंतची ६७ पावलं फुटपट्टीने मोजलेल्या पावलाने गुणली. ४६ मीटर. आजींचा दुसरा मुक्काम तिथेच, झाडाच्या पारावर. खात्याला जे कागदावर लिहावं लागलं ते आजींच्या गुडघ्यांनी आधीच शोधून काढलं होतं.

लहान मुलांच्या शाळेभोवती वस्ती कशी रचावी याचा आराखडा अमेरिकन नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडला. त्यात घरापासून शाळेचं अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, धरलं होतं. माझं दार ते मुख्य चौक ५८० पावलं, म्हणजे तेवढंच. नकाशावर आमची वस्ती उत्तम आहे. पाव मैलाच्या वर्तुळात सगळं. घराच्या जाहिरातीत हल्ली "वॉकेबल" म्हणतात, तसलीच. पण वर्तुळाची त्रिज्या काढणाऱ्याने मध्ये एखादी दोन बोटं उचललेली फरशी आहे का, ते पाहिलेलं नसतं. पाव मैल चालू शकणाऱ्या माणसाला पाव मैल हे अंतर असतं. ज्याला शंभर पावलांनंतर टेकावं लागतं, त्याला पाव मैल म्हणजे टेकायच्या जागांची यादी असते. आणि यादीतली एक जागा गेली की पुढचं सगळं शहर गेलं.

मैल या शब्दाचीही गंमत आहे. तो लॅटिनमधल्या हजारावरून आला. रोमन लोकांचा मैल म्हणजे हजार पावलं, फक्त त्यांचं एक पाऊल म्हणजे आपली दोन, डावं आणि उजवं मिळून. म्हणजे अंतर मोजायचं एकक मुळात सैनिकाचा पाय. धट्टाकट्टा, तरुण, शिस्तीत चालणारा पाय. मला ते वाचून उगाचच राग आला.

तसाच राग चौकातल्या सिग्नलवर येतो. रस्ता बारा मीटरचा. हिरवा माणूस पंधरा सेकंद चालतो. वॉकर घेऊन मला एकतीस सेकंद लागले. पंधराव्या सेकंदाला मी मधोमध होते आणि दोन्हीकडून हॉर्न. माझं गणित कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं, हे नंतर कळलं. अमेरिकेच्या वाहतूक-चिन्हांच्या नियमपुस्तकात पादचारी सेकंदाला ४ फूट चालतो असं धरत असत; २००९ च्या आवृत्तीत ते ३.५ फुटांवर आणलं. अर्ध्या फुटाचा हा फरक एखाद्याला किरकोळ वाटेल. मी त्या अर्ध्या फुटासाठी भांडायला तयार आहे, आणि तरी मला तो पुरला नसता. माझा वेग तेव्हा सेकंदाला सव्वा फूट होता.

स्पेनमध्ये पोन्तेवेद्रा नावाचं लहानसं शहर आहे, ऐंशी हजारांवर वस्तीचं. १९९९ पासून त्यांनी मध्यभागातून मोटारी हळूहळू बाहेर काढल्या. मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे एक नकाशा. मेट्रोच्या नकाशासारखा, रंगीत रेघा आणि ठिपके, पण मेट्रो नाही. ठिपके म्हणजे शहरातली ठिकाणं आणि रेघांवर पायी लागणारी मिनिटं. शहर लहान असलं की लोकांना अंतराचा अंदाज नसतो, जवळच्या जवळ गाडी काढतात, म्हणून हा खटाटोप. मी आजींना फोनवर तो दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आणि बसायचं कुठे?"

सॅन फ्रान्सिस्कोत नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तीन रस्ते निवडले. घरं सारखी, लोक साधारण सारखे, फरक फक्त वाहतुकीचा. एकावरून दिवसाला सुमारे २ हजार गाड्या, दुसऱ्यावरून ८ हजार, तिसऱ्यावरून १६ हजार. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र आणि सहाहून जास्त ओळखीचे निघाले. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर मित्र एकसुद्धा पुरता नाही, ०.९, आणि ओळखीचे तीन. त्यांनी लोकांना "आपलं घर" कुठपर्यंत वाटतं त्याची रेघ काढायला सांगितली होती. शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आत घेतला. वाहत्या रस्त्यावरच्यांची रेघ स्वतःच्या इमारतीपाशी थांबली. हेच ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीखाली गेले. मी हे वाचून तो दिवस दुसरं काही वाचलं नाही.

आमच्या गल्लीतून गाड्या कमी जातात, कारण जाता येत नाही. तेवढंच.

इथे मला स्वतःलाच टोकायला हवं, कारण वस्तीचं गुणगान करताना मी नेहमी एक पान गाळते. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये "रस्त्यावरचे डोळे" म्हटलं ते खरं आहे. खिडक्या आणि पायऱ्यांवरची माणसं रस्ता सुरक्षित ठेवतात. पण डोळे ते डोळेच. मी कधी निघते, कुणाबरोबर निघते, कोण भेटायला येतं, किती वाजता जातं, हे सगळं आमच्या गल्लीला ठाऊक असतं. एकदा एका वाईट काळात मला दोन महिने कुणाशी बोलायचं नव्हतं. गल्लीतून तोंड लपवून जाता येत नाही. पोस्टात जाऊन यायला पाच जणांना "बरी आहे" सांगावं लागायचं, आणि बरी नसताना ते पाच वेळा सांगणं हे अंगावर येणारं काम आहे. तेव्हा मला मैत्रिणीच्या संकुलाचा हेवा वाटला होता. लिफ्ट, तळघर, गाडी, काळी काच. कुणाला काही सांगावं लागत नाही.

मग त्याच पाच जणांपैकी एकाने न विचारता माझं पार्सल पोस्टात टाकलं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अशा विरळ ओळखींचं बळ दाखवून दिलं, नोकरीची बातमी जिवलग मित्राकडून येण्यापेक्षा अशा जुजबी ओळखीच्या माणसाकडून जास्त येते वगैरे. मला नोकरी मिळाली नाही. पार्सल गेलं.

आता फरशीचं. मी तक्रार केली. कचेरीतल्या माणसाने फूटपाथ आमच्याकडे येत नाही म्हणून सांगितलं, झाड येतं. झाडवाल्यांनी झाड आमचं, फरशी नाही म्हटलं. मधलं मूळ कुणाचं, असं मी विचारलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. चार महिन्यांनी दोन माणसं आली आणि फरशीच्या वर उचललेल्या कडेला सिमेंटचा उतार थापून गेली. काम वाईट नाही. फक्त मूळ अजून वाढतंय आणि उताराला आत्ताच चीर गेलीय.

अशी वस्ती आज नव्याने बांधायला निघालं, तर कितीतरी शहरांत परवानगी मिळणार नाही, हे मला एका वास्तुरचनाकाराने सांगितलं. घर रस्त्यापासून इतकं मागे हवं, दर घरामागे इतक्या गाड्यांची जागा हवी, राहायचं इथे आणि दुकानं तिथे. प्रत्येक नियमाला तेव्हा काही कारण असणार. राहण्याचे आणि धंद्याचे विभाग वेगळे करण्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये शिक्कामोर्तब केलं, तेव्हा घरांना कारखान्यांच्या धुरापासून वाचवणं हाही विचार होता. पण धूर गेला आणि पायऱ्याही गेल्या. हल्ली काही शहरं मागे फिरायला लागली आहेत. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये गाड्यांच्या जागेची सक्तीच काढून टाकली. आमची गल्ली मात्र कुणाच्या शहाणपणाने टिकली नाही. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून टिकली.

आता लक्ष जायला लागलंय.

निळ्या दाराचं घर मागच्या वर्षी विकलं गेलं. नवे मालक चांगले आहेत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्यांना खलनायक करणार नाही. त्यांनी ओल काढली, लाकूड साफ केलं, दाराला तोच निळा रंग पुन्हा दिला. आणि पायऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. मोठ्या, मातीच्या, दोन्ही पायऱ्या भरतील अशा. दिसतं फार सुंदर. येणारे-जाणारे फोटो काढतात.

दुसऱ्या पायरीवर कुंडी आली तेव्हा मी काठीही टाकून दिली होती. मला ते दिसलं आणि छानच वाटलं. आजी दिसेनाशा झाल्या, हे ध्यानात यायला मला तीन आठवडे लागले. तीन आठवडे! घोट्याचं दुखणं गेलं आणि घोट्याने शिकवलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. शेवटी मीच त्यांच्याकडे गेले. बऱ्या होत्या. खिडकीत बसल्या होत्या.

"बाजारात नाही दिसलात, आजी."

"लांब पडतं गं."

"लांब? तेवढंच तर आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तो वॉकरचा नव्वदावा टप्पा आठवला. त्यांचं दार माझ्याही पलीकडे आहे. त्यांच्या दारापासून झाडाच्या पारापर्यंत मध्ये आता काहीच नव्हतं.

मी नव्या मालकांशी बोलले. तयारी करून गेले होते, वाद घालायच्या. ते म्हणाले, "अहो, रात्री मुलं बसतात, उशिरापर्यंत. सकाळी सगळं आम्हीच उचलायचं." हे खोटं नव्हतं. मीही त्या मुलांचा आवाज ऐकलेला आहे आणि खिडकी धाडकन लावलेली आहे. पायरी शेवटी त्यांची. इतकी वर्षं ती आमच्या सगळ्यांची वाटत होती ती जुन्या मालकाच्या भिडेमुळे किंवा आळसामुळे, आणि त्याचा कागद कुठेच नाही. मी त्यांना आजींचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बघतो," म्हणाले. कुंड्या आहेत तिथेच आहेत.

मग एका सकाळी विजेच्या खांबापाशी एक खुर्ची दिसली.

लाकडी, हात नसलेली, पाठीला एक पट्टी कमी. सायकलच्या साखळीने खांबाला कुलूपबंद. कुणी आणून ठेवली, ते गल्लीत कुणी सांगत नाही. ज्या गल्लीत माझं पार्सल कुठे गेलं हे सगळ्यांना कळतं, तिथे या खुर्चीचं काहीही कुणाला माहीत नाही. नव्या मालकांच्या घरी दुरुस्तीत निघालेलं जुनं सामान होतं, एवढं मी पाहिलेलं आहे. मी विचारलं नाही. कचेरीतून कुणी आलं तर उचलून नेतीलच. फूटपाथवर खुर्ची साखळीने बांधणं नक्कीच कुठल्या तरी नियमाविरुद्ध असणार.

मी आजींना सांगितलं. त्या लगेच निघाल्या नाहीत. दोन दिवस घेतले, तिसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर काठी घेऊन बाहेर आल्या. मी बरोबर. खांबापर्यंत त्यांची पावलं मी मोजली, मनात. त्यांना कळलं असतं तर रागावल्या असत्या.

न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट नावाचे एक गृहस्थ कॅमेरा लावून बसत. माणसं कुठे बसतात? त्यांचं उत्तर होतं, बसायला जागा असते तिथे. हे सांगायला कॅमेरा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी आणखी एक टिपलं होतं. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतो. ऊन नाही, सावली नाही, काही कारण नाही. उगाच दोन बोटं इकडे, आणि मग बसतो.

आजींनी खुर्चीची पाठ धरली. साखळी जाऊ देईल तेवढी, दोन बोटं, गल्लीच्या तोंडाकडे वळवली. मग बसल्या, नाक पुढे करून, हळू.

"डुगडुगतेय," त्या म्हणाल्या. "एक पाय आखूड आहे."

माझ्या पिशवीत त्या दिवशीची प्रुफं होती. तपासून झालेलं एक पान काढलं, चार घड्या घातल्या, खाली वाकून पायाखाली सरकवलं. अजून हलत होती. पुन्हा काढलं, आठ घड्या केल्या.